दिवसाची झोप

काही अ‍ॅलर्जी आहे का, विचारलं मी,
फॉर्मवर पेन टेकवून, नजर घड्याळाकडे.
"वांग्यानं तोंड खाजवते जी, बाकी काही नाही.
दिवसा झोपाची आदत नाही तेवढी मले.
माग होता घरी. डोळा लागला का धागा तुटे."

मी लिहिलं : वांगं.
धाग्यासाठी रकाना नव्हता.

मे महिना. धंतोलीचा रस्ता पांढराफटक,
खाली कूलरपुढं तिचा मुलगा
डोक्याचा दुपट्टा सोडत, पुन्हा बांधत.
वर थिएटरात तिच्या पिंढऱ्यांवर काटा.
जोडवी निघेनात, बोटं सुजलेली;
राहू द्या, म्हटलं, चिकटपट्टी लावा वरून.

सिरिंजमधलं औषध पांढरंशुभ्र.
"दूध हाये का?"
"झोपेचं दूध."
बारा वर्षं हाच विनोद करत आलेय मी.
ती हसली असावी. मास्कवर एकदा वाफ धरली.

पहिलं मिनिट पुस्तकातल्यासारखं.
दुसऱ्याला हातातला फुगा जड लागला,
पलीकडून कुणी दाबून धरल्यासारखा.
मानेवर एक गांधी. मग गळ्याखाली.
चादर उचलली, तर पोटभर लाल नकाशा,
आणि मशीनला दाबच सापडेना,
ते दंड आवळत राहिलं पुन्हा पुन्हा,
जसा लाइट गेल्यावर हात चाचपडतो भिंतीवर.

तरारे सर म्हणाले, सुरू करू?
मी म्हटलं, हात काढा.

अ‍ॅड्रेनलिन. पाय वर. सलाईन पिळा, दोन्हीकडून.
पुन्हा अ‍ॅड्रेनलिन.
देव एकही आठवला नाही,
फक्त आकडे, ते मोठ्यानं म्हणत होते मी,
आणि खाली, आकड्यांच्याही खाली, एकच प्रश्न :
कोणतं?
चार औषधं दिली होती.
चारही माझ्या हातची.

अकराव्या मिनिटाला मनगटात काहीतरी सरकलं.
पातळ, पण सरकलं.
सिस्टर बोरीकरनं घाम पुसला, माझा, तिच्याच बाहीनं.

पित्ताशय जागच्या जागी राहिलं. ती घरी गेली.
सहा आठवड्यांनी तिच्या हातावर चार थेंब, चार टोचण्या.
तीन जागा गप्प. चौथीवर ज्वारीच्या दाण्याएवढा फोड,
मग बोराएवढा.
दूधच होतं ते.

तेव्हा सहज बोलली कौतिकाबाई,
"इतवारीत दुर्बीण घातली होती पोटात, लय साल झाले,
तवा बी उठलं होतं अंगावर.
ते म्हणे, गर्मीनं झालं."
मग सांगितलं का नाही?
"कोणी इचारलंच नाही, व बाई."
कोणी म्हणजे मी.

शरीरानं ते नाव तेव्हाच टिपून ठेवलं होतं,
आम्ही मात्र गर्मी लिहून मोकळे.
रात्री कधी वाटतं, हे औषधाचं नव्हतंच,
चाळीस वर्षं धाग्यावर जागलेलं अंग
दुपारच्या झोपेवर धावून गेलं.
हे विज्ञान नाही, ठाऊक आहे मला.
विज्ञान मी कार्डावर लिहिलं, ठळक अक्षरांत,
इंग्रजीत आणि मराठीत,
खाली सही, माझा मोबाइल नंबर.

पुढच्या डिसेंबरात ती आली, खडे काढायलाच.
चंचीतून कार्ड काढलं,
मेडिकल चौकात लॅमिनेशन केलेलं,
त्याला सुपारीचा वास.
"वाचता नाही येत मले. पण मालूम हाये काय लिवलं ते.
माह्यं मरण हाये त्यात. म्हणून जपून ठेवतो."

या वेळी दुसरी औषधं काढली होती, नावं दोनदा तपासून.
तरी फॉर्म बाजूला ठेवला,
स्टूल ओढलं, बसले.
घड्याळ माझ्या पाठीमागं होतं.

काही अ‍ॅलर्जी आहे का, विचारलं.
ती पुन्हा वांग्यापासून सुरू झाली.